काळदरीत दिवे लावले तेव्हा

काळदरीचं बटण दिवसातून साठ-सत्तर वेळा दाबणारी उल्का स्वतः मात्र त्या गाडीत कधी बसत नसे. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, एक ती आणि दुसरे संभाजी मिस्त्री.

साल दोन हजार सहा. सातारा रस्त्यावर, कात्रजच्या जरा अलीकडे, आप्पासाहेबांनी आपल्या वडिलोपार्जित रानात पत्र्याचं एक भलंथोरलं गोदाम उभारलं होतं आणि त्याला 'मौजमहाल' असं नाव दिलं होतं. आत पाळणे होते, धडकाधडकीच्या मोटारी होत्या, पण लोक यायचे ते काळदरीसाठी. तीन डब्यांची बुटकी गाडी. साखळी तिला चार मजले उंच ओढून न्यायची आणि वर पोचली की सोडून द्यायची. गाडीला इंजिन नाही, वाटेत ब्रेक नाही. खालच्या फलाटापर्यंत नुसते उतार, वळणं आणि मिट्ट काळोख. भिंती काळ्या, छप्पर काळं, रूळसुद्धा काळे. वर कर्ण्यांतून कोल्हेकुई आणि ढोल. दीड मिनिटात माणसं बाहेर यायची ती पांढरीफटक पडून, खिदळत, आणि परत रांगेत जाऊन उभी राहायची.

रोज सकाळी लोकांना आत सोडण्याआधी गोदामातले सगळे दिवे लावायचे, कर्णे बंद ठेवायचे, मिस्त्री आणि चालक अशा दोघांनी आळीपाळीने गाडीत बसून एकेक फेरी मारायची आणि मग वहीत दोन सह्या करायच्या, असा नियम होता. उल्का पहिल्या दिवशी डोळे मिटून बसली होती. उतरल्यावर तिने फलाटाच्या कडेला बसून ओकारी काढली. संभाजीमामा अठ्ठावन्न वर्षांचे, मायाळू माणूस. ते म्हणाले, "जाऊ दे पोरी. तू बटणापाशी ऱ्हा, मी जाऊन येतो. सही तेवढी कर." तेव्हापासून दोन वर्षं मामा एकटे जाऊन यायचे, आणि उल्का रोज सही करायची.

त्या शनिवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारे गृहस्थ नातीचा हात धरून तिच्या टेबलापाशी आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पांढरी काठी.

"ही गाडी कोण चालवतं?"

"मी. काय झालं आजोबा, घाबरलात का?"

"कशाला घाबरू? तुम्ही लोकांना अंधाराचं तिकीट लावता. मला तो वयाच्या चौथ्या वर्षापासून फुकट आहे." म्हाताऱ्यांचा आवाज कोरडा होता. "मी श्यामसुंदर. नारायण पेठेत पेट्या दुरुस्त करतो. वाजवायच्या पेट्या, ट्रंका नव्हेत. नातीच्या हट्टापायी एकदा बसलो. पुढे दोनदा माझ्या हट्टापायी. नीट ऐका. साखळी सुटल्यावर तिसरं वळण, उजवीकडे जातं ते. तिथे पहिल्या डब्याखाली टक् वाजतं. मधल्या डब्याखाली टक् वाजतं. शेवटच्या डब्याखाली मात्र टक् नाही वाजत. टर्र होतं. काहीतरी उघडतंय आणि मिटतंय. तिन्ही वेळा तिथेच."

"आजोबा, तिथे कर्णे केवढे मोठे लावलेत. लोक किंचाळत असतात."

"लोक किंचाळतात म्हणूनच तुम्हाला ऐकू येत नसेल," ते म्हणाले आणि नातीला घेऊन निघून गेले.

उल्काने हे मामांच्या कानावर घातलं. "मी रोज बसतोय की. काय बी न्हाई," मामा म्हणाले. पण बोलताना त्यांनी नजर चुकवली, आणि ते काही तिच्या मनातून जाईना.

रविवारी ती साडेआठलाच पोचली. मामा तिच्याही आधी आले होते. हातात पाना आणि विजेरी घेऊन ते तिसऱ्या वळणाच्या मचाणावरून खाली उतरत होते. कपाळावर घाम होता.

"सगळे सांधे बघितले. घट्ट हायती. कुठंच फट न्हाई," ते म्हणाले. मग बाकावर बसले आणि खाली बघत बोलले, "उल्काताई, तुला एक सांगायचं ऱ्हायलं. दिवाळीपास्नं माझा डावा कान गेलाय. उजवा बी निम्माच हाय. कामावरनं काढतील म्हणून बोललो न्हाई."

 म्हणजे चार महिने त्या गाडीचा आवाज कोणीच ऐकलेला नव्हता. जो बसत होता त्याला ऐकू येत नव्हतं, आणि जिला ऐकू येत होतं ती बसत नव्हती. वहीत मात्र रोज दोघांच्या सह्या होत्या.

"मग मी बसते," ती म्हणाली. आपण हे बोललो, हे तिला बोलून झाल्यावर समजलं.

मामांनी दिवे लावले. छपराला टांगलेले मोठाले दिवे एकेक करून फडफडत पेटले. उल्का पहिल्या डब्यात बसली. छातीवरचा दांडा तिने तीनदा ओढून पाहिला. साखळीने गाडी उचलली, खड् खड् खड् करत वर वर नेली, आणि उल्काला पहिल्यांदाच ती कशात बसली आहे ते दिसलं.

अंधारात लोकांना वाटायचं, आपण कुठल्या तरी अथांग पोकळीत पडतोय. इथे पोकळी नव्हतीच. लोखंडी खांबांचं, तिरप्या तुळयांचं नुसतं जंगल होतं, आणि रूळ त्यातून वाट काढत जात होता. तुळया डोक्यावरून इतक्या जवळून जात होत्या, की हात वर केला तर मनगटापासून तुटेल असं वाटत होतं. आणि लोक तर रोज हात वर करायचे. खाली, खूप खाली, एक जाळी बांधलेली होती. तिच्यात चपला, केसांच्या पिना, एक चष्मा आणि लहान मुलाचा एक लाल बूट पडलेला होता. रंगाचे पोपडे निघालेले होते आणि आतून तांबडा गंज दिसत होता. ज्या खांबावर सगळं वजन होतं, त्याच्या पायाशी कबुतरांनी घरटं केलं होतं.

साखळी सुटली.

पहिल्या उतारावर एक खांब थेट तिच्या तोंडावर चाल करून आला आणि शेवटच्या क्षणी गाडी वळली.  दुसऱ्या वळणावर गाडी कलली, जाळी एका अंगाला आली, आणि उल्काने डोळे गच्च मिटले. मग तिला फक्त आपल्या छातीतली धडधड ऐकू आली. गाडी फलाटावर थांबली तरी तिचे डोळे मिटलेलेच होते.

"आलं का काय ऐकू?" मामांनी विचारलं.

"नाही."

मामांनी सुस्कारा सोडला. "मग बरं झालं." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. उल्काने पेन उचललं. रोज जिथे सही करायची ती जागा समोर होती. तिने पेन टेकवलंसुद्धा. पण हात पुढे सरकेना.

तेवढ्यात बाहेरच्या दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि काठी टेकत श्यामसुंदर आत आले. रिक्षावाला त्यांना बाकापर्यंत सोडून गेला.

"रात्रभर ते टर्र डोक्यात वाजत होतं," ते म्हणाले. "पेटीचा एखादा सूर हलत असला, की तो नीट केल्याशिवाय मला झोप येत नाही. पाहिलंत का तुम्ही?"

"मी आत्ता बसले होते. सगळे दिवे लावून. काही नाही दिसलं."

"डोळे उघडे होते?"

उल्काने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मिटले होते तर," म्हातारे म्हणाले. "डोळे देवाने दिलेत आणि तुम्ही ते ऐनवेळी मिटता. मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?" तिला ते लागलं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण पुढचं ते हळू बोलले. "हे बघा, मला ते ऐकू येतं, पण दिसत नाही. तुम्हाला दिसेल, पण कुठे बघायचं ते ठाऊक नाही. आपण दोघं बसू. शेवटच्या डब्यात, मागच्या बाकावर. ती जागा आली की मी तुमचं मनगट दाबेन. तुम्ही मागे वळून रुळाकडे बघायचं. बस्स."

"आजोबा, आणि काही झालं तर?"

"काल तीनदा काही झालं नाही. आज काय होईल ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण अकरा वाजता जी माणसं बसतील, त्यांना हे कुणी सांगणार आहे का?"

मामा मधे पडले. "हळू सोडता येत न्हाई का, म्हणाल, तर न्हाई येत. एकदा वरनं सुटली की ती तिच्या मर्जीनं खाली येणार."

"ते माझ्या लक्षात आलंय," श्यामसुंदर म्हणाले आणि त्यांनी काठी मामांच्या हातात दिली.

त्या सकाळी दुसऱ्यांदा बसताना उल्काने दोघांचे दांडे पुन्हा पुन्हा ओढून पाहिले. पहिल्या वेळी तिला माहीत नव्हतं की काय दिसणार आहे. आता सगळं माहीत होतं. तो तोंडावर येणारा खांब, ती जाळी, तो लाल बूट. साखळीचा एकेक खटका तिच्या मणक्यात वाजत होता. शेजारी म्हातारे शांत बसले होते. त्यांची पातळ, खरखरीत बोटं तिच्या मनगटावर होती.

"भीती वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मलाही. बोलत राहू नका आता, मला ऐकायचंय."

वरच्या टोकाला गाडी एक क्षणभर थबकली. समोर अख्खं लोखंडी जंगल लख्ख उजेडात उभं होतं. मग गाडी कोसळली. पहिलं वळण. खांब आला, गेला. दुसरं वळण. जाळी अंगावर आली. पापण्या मिटू लागल्या तशी तिने दातांनी ओठ धरला, रक्ताची चव आली, पण डोळे मिटू दिले नाहीत. तिसऱ्या वळणाला गाडी उजवीकडे झुकली आणि मनगटावरची बोटं एकदम आवळली गेली.

उल्काने मान वळवली.

मागे सुटत जाणारा रूळ तिला दिसला. दोन रूळ जिथे जोडले होते तिथली पट्टी एका बाजूने उचलली गेली, जशी डब्याच्या झाकणाची कड उचलावी तशी. दोन रुळांच्या मधे दोन बोटं मावतील एवढी फट पडली. फटीतून खालची जाळी लख्ख दिसली. आणि पापणी लवते न लवते तोच पट्टी बसली, फट मिटली, रूळ पुन्हा काळा आणि अखंड झाला. जणू काही घडलंच नव्हतं.

सगळ्यात भयंकर ते त्यानंतर होतं. गाडी थांबत नव्हती. अजून चार वळणं होती, दोन उतार होते, आणि आता तिला प्रत्येक सांधा दिसत होता. प्रत्येक पट्टी तिला उचलल्यासारखी वाटत होती. "थांबवा! मामा, थांबवा!" ती ओरडत राहिली. थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं, हे तिच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं?

फलाटावर ती उतरली ती हातापायांवरच. "उघडतोय," एवढंच म्हणाली. "गाडीचं वजन आलं की उघडतोय. मामा, नुसतं वर चढून कधीच दिसणार नाही तो."

आप्पासाहेब दहा वाजता आले. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्यामागे दारात एका कंपनीच्या तीन बस लागल्या होत्या. दीडशे माणसं, त्यांची बायकापोरं.

"गाडी तयार हाय का न्हाई अजून?"

"आप्पासाहेब, आज काळदरी बंद ठेवायची," उल्का म्हणाली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

आप्पासाहेब ऐकत राहिले. मग त्यांनी वही उचलली, पानं मागे मागे उलटली. "दोन वर्सं तू रोज बसतीस, रोज सही करतीस. तवा न्हाई दिसलं, आन आज बरं दिसलं?"

संभाजीमामांनी काही बोलायला तोंड उघडलं. पण उल्काच आधी बोलली. "मी बसत नव्हते. मला भीती वाटते. सह्या खोट्या आहेत."

"आन मला ऐकू येत न्हाई," मामा म्हणाले.

आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला.  त्यांनी वही बाकावर आपटली आणि ते तरातरा मचाणाच्या शिडीकडे गेले. साठीचा माणूस, पण उभं आयुष्य रानात गेलेलं, भराभर चढले. तिसऱ्या वळणापाशी वाकून त्यांनी सांधा चाचपला. मग वरून ओरडले, "कुठाय फट? नख सुदीक जात न्हाई!"

"वजन लागेल!" उल्का खालून ओरडली. "गाडी वरून गेली पाहिजे!"

"मंग बसव की कुणाला तरी!"

"माणूस नाही बसवणार!" ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

मामांना सुचलं. वडापावच्या गाळ्यासाठी आदल्या दिवशीच मार्केट यार्डातून बटाटे आले होते. पन्नास-पन्नास किलोची दहा पोती मागच्या दाराशी तशीच रचलेली होती. मामांनी आणि गाळ्यावरच्या दोघांनी ती ओढत आणली, बाकांवर बसवली आणि वरून दांडे लावले. तीन डब्यांत दहा पोती जाडजूड पाहुण्यांसारखी बसली. कोणाला हसू आलं नाही.

"आप्पासाहेब, तुम्ही खाली या," उल्का म्हणाली.

"मी हितंच थांबणार. माझ्या डोळ्यानं बघणार." ते खांबाला पाठ लावून उभे राहिले, रुळापासून दोन हातांवर.

उल्काचं बोट बटणावर होतं. आजवर हजारो वेळा दाबलेलं बटण. पण वर एक माणूस उभा होता, आणि ते दाबवेना. "मामा, मला नाही जमणार."

"दाबा बाई," बाकावर बसलेले श्यामसुंदर म्हणाले. "नाहीतर अकरा वाजता ते स्वतः दाबतील. तेव्हा पोती नसतील."

तिने दाबलं.

साखळी खडखडली. पोती घेऊन गाडी वर गेली, टोकावर थबकली, सुटली. पहिलं वळण. दुसरं. श्यामसुंदरांनी मान एका बाजूला कलती केली होती.

"गेलं," ते म्हणाले.

बाकीच्यांना तो आवाज त्यानंतर ऐकू आला. आधी लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी, मग गोदाम हादरवणारा धडाका. शेवटच्या डब्याचं मागचं चाक फटीतून खाली गेलं होतं. डबा आडवा फिरला, पलीकडच्या खांबाला आदळला आणि लोंबकळत राहिला. पोती फाटली. बटाट्यांचा पाऊस पत्र्यावर, तुळयांवर, जाळीवर पडला. एक तुटलेला बोल्ट कुठूनसा सूं करत आला आणि फलाटाच्या लाकडात रुतला. शेवटचा बटाटा टप् टप् करत उल्काच्या पायापाशी येऊन थांबला. मग सगळं गप्प झालं.

"आप्पासाहेब!" मामा ओरडले. स्वतःला नीट ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने ओरडले.

थोड्या वेळाने वरून कण्हल्यासारखा आवाज आला. "हाय. हाय मी." आप्पासाहेब खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते. टोपी गेली होती, कपाळावर एक ओरखडा होता. मामांनी वर चढून त्यांना एकेका पायरीवर पाय ठेवायला लावत खाली आणलं. खाली आल्यावर ते जमिनीवरच बसले आणि लोंबकळणाऱ्या त्या डब्याकडे बघत राहिले. त्यात मागचा बाक होता. चार जणांचा. लहान मुलं हटकून तोच मागायची.

"बाहेर जाऊन सांगा लोकांस्नी," शेवटी ते म्हणाले. "काळदरी बंद हाय म्हणावं. ज्यांना परत जायचंय त्यांस्नी जाऊ द्या." मग उल्काकडे बघितलं. "दोन वर्सं?"

"हो."

"काल संध्याकाळी माझी नातवंडं बसली हुती. मागच्याच डब्यात."  त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मंगळवारी दोघं बी या. यंत्राचे इंजिनेर येतील. त्यांच्यासमोर सगळं सांगायचं. सह्यांचं बी, कानाचं बी, आन मी कधी इचारलं न्हाई त्ये बी. पुढचं पुढं बघू. आत्ता घरी जा. तुमच्याकडं बघवत न्हाई मला."

उल्का श्यामसुंदरांना घेऊन निघाली. रिक्षा मिळेना म्हणून दोघं स्वारगेटच्या बसमध्ये चढली. भर दुपार होती, बस अर्धी रिकामी होती. उल्काने त्यांना खिडकीपाशी बसवलं, आणि स्वतः बसली. निघाल्यापासून इतका वेळ ती ठीक होती. आता मात्र पुलापाशी बस जराशी वळली, आणि तिने पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली. दात वाजायला लागले. एकेक चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. शनिवारचे, रविवारचे, गणपतीच्या सुट्टीतले. फुगे घेतलेली पोरं, पहिल्यांदा साडी नेसलेल्या कॉलेजच्या मुली, हात वर करून ओरडणारे बाप. प्रत्येकाचा दांडा तिने स्वतः लावला होता, आणि "काही होत नाही हो" असं हसत सांगितलं होतं.

"थरथरताय," श्यामसुंदर म्हणाले.

"उतरायचंय मला."

"स्वारगेट आलं?"

"नाही. अजून दोन थांबे आहेत."

म्हाताऱ्यांनी काठी हातात घेतली. "चला तर मग, उतरू. ऊन आहे, पण चालू सावकाश. तुम्ही खड्डे सांगा मला."

बस थांबली. ती आधी उतरली, मग त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं. पाय जमिनीला लागले तरी ती खाली पाहून पाहूनच पाऊल टाकत होती.